उद्याचा खेळाडू आज ओळखता येईल का?

दर वर्षी एप्रिल महिना जवळ आला की अमेरिकेत एका वादाला रंग चढतो. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या फुटबॉलपटूंपैकी कोणाला कोणत्या व्यावसायिक संघाने घ्यावे, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. आपल्याकडे कसोटी संघ जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी कट्ट्यावर जे चालते तेच तिथे चालते. मात्र ते दोन-तीन महिने चालते. विद्यार्थी मित्रांनो, या वादाशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच्या मुळाशी एक अस्सल शास्त्रीय प्रश्न आहे. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाची आजची कामगिरी मोजून त्याची पुढील काही वर्षांची कामगिरी किती खात्रीने सांगता येईल? शिष्यवृत्ती, प्रवेशपरीक्षा, नोकरीची मुलाखत, सगळीकडे हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की फुटबॉलमध्ये निवड चुकली की बरोबर आली हे चार-पाच वर्षांत सर्वांसमक्ष कळते आणि त्याची नोंद राहते. संख्याशास्त्रज्ञाला अशी नोंद म्हणजे पर्वणीच!

आधी खेळाविषयी थोडेसे. हा फुटबॉल म्हणजे कोलकात्यात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो मुख्यतः हाताने नेतात आणि फेकतात. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून अकरा-अकरा खेळाडू एकमेकांवर आदळतात. चेंडू हाती घेऊन पुढची चाल ठरवणाऱ्या आणि तो सहकाऱ्याकडे फेकणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. संघाचे भवितव्य बरेचसे त्याच्या हाती असते. म्हणून सर्वात मोठे वाद त्याच्याच निवडीवरून होतात.

निवडीच्या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ असे नाव आहे. ही कल्पना १९३५ साली फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. गेल्या हंगामात सर्वात तळाला राहिलेल्या संघाने पहिला खेळाडू निवडायचा, त्याच्या वरच्या संघाने दुसरा, आणि असेच पुढे. दुबळा संघ सबळ व्हावा हा हेतू. (त्या वर्षी तळाला होता तो बेल यांचाच संघ, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) फळ्यावर ९० नावे लिहिली होती. पहिला मान जे बरवॅंगर या तरुणाला मिळाला. हे महाशय व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत. त्यांनी दुसरा व्यवसाय पत्करला. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातील पहिलाच अंदाज फसला! आज ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून सुमारे २६० खेळाडू निवडतात. दर वर्षी सुमारे १६,००० महाविद्यालयीन खेळाडू निवडीला पात्र होतात. साठांतून एक, असे हे प्रमाण आहे.

दोन निवडी

१९९८ साली देशभर एकच चर्चा होती: पेटन मॅनिंग की रायन लीफ? दोघेही क्वार्टरबॅक. मॅनिंग अभ्यासू, लीफचा हात अधिक ताकदवान, असे जाणकार म्हणत. इंडियानापोलिसने पहिला म्हणून मॅनिंगला घेतले. सॅन डिएगोने तर तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी मोठी किंमत मोजली आणि लीफला घेतले. पहिल्या हंगामात मॅनिंगने २८ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती फेकला आणि त्याच्या संघाने १६ पैकी १३ सामने गमावले. तेवढ्यावरून कोणी निकाल दिला असता तर? पुढे तोच मॅनिंग पाच वेळा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफची कारकीर्द मात्र २००२ सालीच संपली.

आता २००० सालाकडे वळू. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रॅडी हा क्वार्टरबॅक १९९व्या क्रमांकापर्यंत कोणालाच नको होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, म्हणजे तो चक्क मंद होता. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर अंतिम सामन्यातील, म्हणजे ‘सुपर बोल’मधील सात विजेतेपदे होती. तेवढी दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या वाट्याला आलेली नाहीत.

निवड करणारे अडाणी होते काय? मुळीच नाही. प्रत्येक संघ वर्षभर देशभर माणसे पाठवून सामने पाहतो, चित्रफिती तपासतो, शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना भेटतो. शिवाय १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात दर वर्षी निवडक खेळाडूंची एकत्र चाचणी होते. तिथे उंची, वजन, पंजाची लांबी मोजतात. पाठीवर पडून १०२ किलोग्रॅमचा बार किती वेळा उचलता येतो ते पाहतात. २०२२ पर्यंत बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणीही घेत असत. एवढे करूनही अंदाज चुकतात. ते का, हे समजण्यासाठी आधी मोजमापाकडे पाहू.

सर्वात गाजणारी चाचणी चाळीस यार्डांच्या धावण्याची. चाळीस यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. समजा एकाने हे अंतर ४.४ सेकंदांत तोडले, दुसऱ्याने ४.५ सेकंदांत. पहिल्याचा सरासरी वेग सेकंदाला ८.३ मीटर होतो. शेवटी शेवटी वेग याहून बराच जास्त असल्यामुळे दोघांमध्ये सुमारे एक मीटरचे अंतर पडते. मैदानावर एक मीटर म्हणजे थोडेथोडके नाही. झेल घेणारा आणि त्याला अडवणारा यांच्यात तेवढेच अंतर पुरते. पण घड्याळ हाताने चालू केले तर काय? माणसाला एखादी हालचाल दिसून बोट दाबायला सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो, आणि हा काळ माणसागणिक थोडा बदलतो. म्हणजे ज्या फरकावरून एखाद्याचे नशीब ठरायचे, तो फरक आणि मोजमापातील चूक ही जवळजवळ एकाच मापाची आहेत. शिवाय सामन्यात शिरस्त्राण आणि गाद्यांशिवाय, सरळ रेषेत, अंगावर कोणीही न येता ३६ मीटर धावायची वेळ कितीदा येते?

फाशांचा संघ

मोजमाप बिनचूक असते तरी मोठी अडचण उरतेच. ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. छत्तीस विद्यार्थी हवेत. कमी असले तरी चालेल. प्रत्येकाने एक फासा टाकावा. आलेला आकडा हे त्याचे ‘कौशल्य’. तो कायमचा, आणि तो कोणाला दाखवायचा नाही. मग फासा पुन्हा टाकावा. हा दुसरा आकडा म्हणजे त्या हंगामापुरते ‘नशीब’. दोन्हींची बेरीज ही लोकांना दिसणारी कामगिरी. निवड समितीला फक्त बेरीज सांगायची. समितीने दहा किंवा त्याहून जास्त बेरीज असलेल्यांना संघात घ्यावे.

छत्तीस जणांत प्रत्येक शक्यता एकेकदा आली असे धरू. मग सहा जण निवडले जातील. त्यांच्या बेरजा १०, १०, १०, ११, ११, १२, सरासरी १०.६७. सर्व छत्तीस जणांची सरासरी ७ असते, तेव्हा समिती खूश. आता पुढचा हंगाम. कौशल्य तेच, नशिबाचा फासा मात्र नव्याने टाकायचा. त्या सहा जणांची कौशल्ये ४, ५, ५, ६, ६, ६ आहेत. त्यांची सरासरी ५.३३. नव्या नशिबाची सरासरी ३.५. म्हणजे या वर्षी त्यांची अपेक्षित कामगिरी ८.८३!

प्रेक्षक म्हणतील, पोरे शेफारली, पैसा डोक्यात गेला. खरे तर कोणीही बिघडलेले नाही. गेल्या वर्षी सरासरीच्या वर जे ३.६७ गुण दिसत होते, त्यातील निम्मे नशिबाचे होते; ते निघून गेले आणि १.८३ उरले. निवड वाया गेली असेही नाही, कारण ८.८३ हे ७ पेक्षा खूपच चांगले आहेत. निवडीने जेवढे दिसले तेवढे मिळाले नाही, इतकेच.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीवरून ते दाखवून दिले. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण तितकी नाहीत. आईबाप सरासरीपेक्षा जितके वर, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश मुले वर असतात.

तुमच्यापैकी चौकस विद्यार्थी येथे विचारील, एका सामन्याऐवजी अनेक सामने पाहिले तर? अगदी बरोबर. नशिबाचा फासा चारदा टाकून सरासरी घेतली, तर सरासरीच्या वर दिसणाऱ्या भागातील निम्म्याऐवजी चार-पंचमांश भाग टिकतो. महाविद्यालयीन खेळाडू एका हंगामात डझनभर सामने खेळतो. मग अंदाज अचूक का येत नाही? कारण त्याचे सगळे नशीब दर सामन्याला नव्याने पडत नाही. त्याच्यासमोरची भक्कम फळी, त्याचा हुशार प्रशिक्षक, त्याच्या वाट्याला येणारे दुबळे प्रतिस्पर्धी हे सारे हंगामभर तेच असतात. वजनकाट्यात दोष असेल तर तोच दगड शंभर वेळा जोखूनही खरे वजन कळत नाही, तसेच हे आहे. ड्राफ्टनंतर मात्र सगळेच बदलते, आणि तेही एका दिवसात. माझ्या मते, या वादात सर्वात कमी बोलली जाणारी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आणखी एक गंमत त्याच सहा जणांत दडली आहे. ज्याचे कौशल्य ४, त्याचे नशीब ६. ज्यांचे कौशल्य ५, त्यांच्या नशिबाची सरासरी साडेपाच. ज्यांचे ६, त्यांची ५. जणू कौशल्य वाढले की नशीब रुसते! छत्तीस जणांत असा काही संबंध नव्हता. तो निवडीच्या कुंपणाने निर्माण केला. निवडलेल्या खेळाडूंचे आकडे तपासणाऱ्या संशोधकांना धावण्याची वेळ आणि पुढचे यश यांत बहुतेक जागांसाठी फारसा सहसंबंध आढळला नाही. यावरून ‘धावण्याची चाचणी निरुपयोगी आहे’ असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात. तो घाईचा आहे. मंद असूनही कुंपणाच्या आत आलेला खेळाडू दुसऱ्या कुठल्या तरी गुणामुळे आलेला असतो. मंद आणि इतर गुणही नसलेले हजारो जण बाहेरच राहिले, आणि त्यांचे आकडे हिशेबातच नाहीत. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वरचेच विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयात दहावीचे गुण आणि पुढील यश यांचा संबंध क्षीण दिसतो, तो बराचसा याच कारणाने.

खात्रीची किंमत

मग तज्ज्ञांना नेमके किती कळते? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. (थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्यायचे आणि आधी निवडलेला खरोखर सरस ठरला का ते पाहायचे. उत्तर आले, शंभरात सुमारे बावन्न वेळा. नाणेफेक केली असती तर पन्नास! याचा अर्थ क्रमवारीला अर्थच नाही असा नव्हे. पहिल्या फेरीतील खेळाडू सहाव्या फेरीतल्यापेक्षा सरासरीने निश्चित चांगले निघतात. पण ज्या बारीक फरकांवर सर्वात जोरात वाद होतात, त्या फरकांपुरता जाणकार आणि नाणे यांत फार अंतर नाही.

आणि संघ किंमत मोजतात ती मात्र पक्क्या खात्रीची. १९९१ साली डॅलसच्या संघाने निवडीच्या क्रमांकांना गुण देणारा एक तक्ता बनवला. पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००. इतर संघही हळूहळू त्याच मापाने अदलाबदल करू लागले. म्हणजे पहिली संधी हवी तर दहाव्यासारख्या दोन संधी देऊनही भागत नाही. आपल्या निवडीवर जितका जास्त विश्वास, तितका संघ एका नावासाठी जास्त द्यायला तयार होतो.

२०१२ साली वॉशिंग्टनने तेच केले. सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी पहिल्या फेरीच्या तीन संधी आणि दुसऱ्या फेरीची एक संधी दिली, आणि रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकला घेतले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. अंदाज खरा ठरला असे सर्वांना वाटले. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले आणि तो पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. त्याच संघाने त्याच ड्राफ्टमध्ये १०२व्या क्रमांकावर कर्क कझिन्स नावाचा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. २०१५ पासून संघाची धुरा त्याने वाहिली. गुडघ्याची दुखापत कोणत्या तक्त्यात मांडणार? ती सांगता येत नाही म्हणूनच एका नावावर चार संधी लावण्यापेक्षा चार नावे हाती ठेवणे बहुधा फायद्याचे असते. यात त्या तरुणाचा तरी काय दोष? बाविसाव्या वर्षी त्याच्या खांद्यावर चार जणांच्या किमतीचे ओझे ठेवले ते इतरांनी.

वाद घालूच नये, असे यातून निघते का? नाही. पण कसा घालावा हे गॉल्टननेच दाखवले आहे. १९०६ साली प्लिमथच्या जत्रेत एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. लोकांनी आपापला अंदाज तिकिटावर लिहून दिला होता. वाचता येण्याजोग्या ७८७ तिकिटांचा मध्यक १२०७ पौंड आला. खरे वजन ११९८ पौंड भरले. कोणाचा अंदाज जास्त, कोणाचा कमी, आणि चुकांनी चुका खाल्ल्या. हे घडले, कारण प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता लिहिले. तिथे एखाद्या नामांकित खाटकाने मोठ्याने ‘तेराशे!’ म्हटले असते, तर शेकडो तिकिटांवर तेराशेच्या आसपासचेच आकडे पडले असते आणि सगळ्यांची चूक एकाच दिशेला गेली असती. निवड समितीच्या खोलीत ज्येष्ठ प्रशिक्षक आधी बोलला की हेच होते. म्हणून आधी प्रत्येकाने आपला क्रम गुपचूप कागदावर लिहावा, कागद गोळा करावेत, आणि मगच तोंड उघडावे. तुमच्या शाळेचा कबड्डीचा संघ निवडतानाही हे सहज करता येईल.

आणखी एक खबरदारी अवश्य घ्यावी. निवड बरोबर होती की चूक, हे एका उदाहरणावरून ठरवू नये. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी ड्राफ्टच होता. दिल्लीच्या संघाने आपल्याच शहरातील विराट कोहलीला सोडून एक डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरकडे गेला. आज याला हसणे सोपे आहे. पण दिल्लीकडे तेव्हा फलंदाजांची रेलचेल होती, त्यांना गोलंदाज हवा होता.

अमेरिकेतील २०१७ चा ड्राफ्ट तर या लेखातील हिशेबाची परीक्षा घेणारा आहे. त्या वर्षी जॉन रॉसने चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत तोडून तोवरचा विक्रम मोडला आणि सिनसिनाटीने त्याला नववा म्हणून घेतले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नाही. लगेच पुढचा, दहावा क्रमांक मिळवण्यासाठी कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून उडी मारली, पुढल्या वर्षीची पहिल्या फेरीची संधीही देऊन टाकली, आणि पॅट्रिक महोम्सला घेतले. वर सांगितलेल्या हिशेबाने हा महागडा सौदा होता, तरी तो सोन्याचा निघाला. एका सौद्याने नियम खोटा पडत नाही, तसा वॉशिंग्टनच्या एका सौद्याने तो सिद्धही होत नाही. फाशांच्या खेळातही ६ कौशल्याचा खेळाडू पहिल्याच फटक्यात हाती लागू शकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोलच्या मैदानात एका बाजूला हाच दहाव्या क्रमांकाचा महोम्स होता. दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ जण निवडले गेले, त्यातला तो शेवटचा. सामना जादा वेळेत गेला आणि कॅन्सस सिटीने तो २५-२२ असा जिंकला.